जागेवर उभे राहून राबणारे इंजिन : खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा इतिहास आणि उत्पादने

पुण्यात डिझेल इंजिनाचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ट्रक, एसटी किंवा ट्रॅक्टर उभा राहतो. पिंपरी-चिंचवडच्या वाहन कारखान्यांच्या शेजारी राहिल्याचा तो परिणाम असावा. प्रत्यक्षात शहराच्या उत्तरेला, खडकीत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने १९४६ पासून जी इंजिने घडवली, त्यांतली बहुसंख्य इंजिने एकदा बसवली की जागची हलली नाहीत. ती विहिरीच्या थारोळ्यापाशी, पिठाच्या गिरणीत, उसाच्या चरकाशेजारी, रुग्णालयाच्या मागच्या अंगणात किंवा मोबाइलच्या मनोऱ्याखाली बोल्टने जखडून बसवलेली असतात आणि तिथेच त्यांची उमर सरते. या कंपनीची उत्पादने समजून घ्यायची, तर वाहनाचे इंजिन आणि जागेवरचे इंजिन यांतला हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो, कारण इंजिनाची रचना, गिऱ्हाईक आणि कंपनीला वेळोवेळी बदलावी लागलेली दिशा या तिन्हींची कारणे त्या एका फरकात सापडतात.

वाहनाच्या इंजिनाला क्षणात संथ, क्षणात वेगाने फिरावे लागते. चढ, सिग्नल, गर्दी यांप्रमाणे त्याचा वेग आणि त्याच्यावरचा भार सतत बदलतो. पंपाला किंवा जनित्राला जोडलेल्या इंजिनाकडून मात्र अपेक्षा एवढीच असते, की त्याने ठरलेल्या वेगाने, तासन् तास, कुणी लक्ष देवो न देवो, फिरत राहावे. त्यामुळे त्याची बांधणी चपळाईपेक्षा सोशिकपणाकडे झुकलेली असते. वजन थोडे जास्त चालते, दुरुस्ती मात्र तालुक्याच्या गावी, हाताशी असतील त्या पान्यांनी व्हायला हवी.

अर्ध्या थेंबाचा हिशेब

पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतोच. पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये फक्त हवा ओढली जाते, पिस्टन वर येताना तीच हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबली जाते, आणि सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक जसे हाताला गरम लागते तशी ती निव्वळ दाबाने तापते. येथे दाब कितीतरी अधिक असल्यामुळे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते. नेमक्या त्या वेळी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला जातो, तो त्या तापलेल्या हवेत आपोआप पेटतो आणि पिस्टनला खाली रेटतो. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले, आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्गच्या कारखान्यात झालेल्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली. वाफेची इंजिने त्या काळी याच्या बरीच मागे होती. दाब जितका जास्त तितकी इंधनातून निघणारी शक्ती जास्त, हे डिझेल इंजिनाच्या काटकसरीचे मूळ आहे.

यातला खरा कसब फवाऱ्यात आहे, आणि तो किती नाजूक असतो हे एका साध्या गणिताने कळते. किर्लोस्करांचे एव्ही-१ हे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, आकारमान ५५३ घनसेंटीमीटर आणि शक्ती मिनिटाला १,५०० फेऱ्यांना ५ अश्वशक्ती, म्हणजे ३.७ किलोवॅट. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. पूर्ण भारावर असे इंजिन ताशी साधारण एक लिटर डिझेल खाते. भागाकार केला तर एका वेळी सिलिंडरमध्ये पडणारे डिझेल सुमारे २० मिलिग्रॅम भरते, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब. तो अर्धा थेंब दोनशे वातावरणांच्या आसपासच्या दाबाने, सेकंदाच्या काही हजाराव्या भागात, धुके व्हावे इतका बारीक होऊन आत गेला पाहिजे. हे काम करणाऱ्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात जातो. डिझेलमध्ये धूळ किंवा पाणी गेले की इंजिन का रुसते, याचे उत्तर त्या फटीत आहे. बाकीचे इंजिन कितीही दणकट असले, तरी हा एक अवयव घड्याळजीच्या हाताचा आहे, आणि म्हणून जुने मिस्त्री बाकी सगळे उघड्यावर खोलतात पण पंप आणि नोझल मात्र खास दुकानात पाठवतात.

इंजिनाची फेऱ्यांची गती कायम ठेवण्याचे काम गव्हर्नर करतो. भार वाढला की इंजिन मंदावू लागते, फिरत्या वजनांची पकड ढिली पडते, आणि त्या हालचालीने इंधनपंपाची दांडी सरकून डिझेल वाढते. भार उतरला की उलटे घडते. सगळे निव्वळ स्प्रिंग आणि वजने यांच्या बळावर चालत असल्याने त्याला ना बॅटरी लागते ना वीज.

नांगरापासून इंजिनापर्यंत

कंपनीची वंशावळ सुरू होते ती इंजिनापासून नव्हे, लोखंडी नांगरापासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते; बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या दुकानाबरोबर कडबा कापण्याची यंत्रे आणि नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत असल्यामुळे सुरुवातीची गिऱ्हाइके मिळायला काही काळ गेला. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि नांगराच्या जोडीला पंप आले.

पंप आला की त्याला फिरवायचे कशाने, हा प्रश्न पाठोपाठ येतो. बैलांच्या मोटेपेक्षा पंप कितीतरी जास्त पाणी उपसतो, पण त्याला फिरवणारी शक्ती कायम आणि वेगवान हवी. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीज पोचलेली गावे सुमारे दीड हजार होती. म्हणजे शेतकऱ्याला पंप विकायचा, तर त्याच्यासोबत शक्तीचा स्रोतही विकणे भाग होते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले होते. दुसरे महायुद्ध संपताच घराण्याने एकाच वर्षी, १९४६ मध्ये, दोन डाव मांडले: बंगळूरला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. वीज आली तर मोटार खपेल, नाही आली तर इंजिन खपेल, आणि दोन्हींच्या टोकाला पंप आपलाच असेल, अशी ही मांडणी होती. मला या इतिहासातला सर्वांत हुशारीचा निर्णय हाच वाटतो.

खडकी निवडण्यामागे जागेचे गणित उघड दिसते. मुंबईला जोडणारा लोहमार्ग दाराशी, लष्करी कारखान्यांमुळे लेथ आणि मिलिंगवर हात बसलेले कामगार आसपास, आणि शेतीप्रधान पश्चिम महाराष्ट्र पाठीशी. इंजिनाचा आराखडा ब्रिटिश उत्पादकांच्या सहकार्याने आला. ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या एव्ही-१ या इंजिनाचे आणि खडकीच्या एव्ही-१ चे सिलिंडरचा व्यास व पिस्टनची धाव एकच आहेत, इतके ते नाते सरळ होते.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. डिझेल इंजिन बनवणारे महाराष्ट्रातले पहिले नाव किर्लोस्करांचे नव्हे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार केले होते. त्याचे संस्थापक धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. किर्लोस्करांचे श्रेय पहिलेपणात नसून संख्येत आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेत आहे. दुसरीकडे राजकोटच्या छोट्या कारखानदारांनी ब्रिटनच्या लिस्टर पद्धतीची, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांची, प्रचंड वजनाच्या दोन चाकांची संथ इंजिने स्वस्तात बनवायला घेतली. ती अवजड असली तरी वर्षानुवर्षे टिकत. त्यामुळे शेतकऱ्यापुढे दोन पर्याय राहिले: राजकोटचे संथ आणि जड, किंवा खडकीचे वेगवान, आटोपशीर आणि थोडे महाग. १,५०० फेऱ्यांचे इंजिन पंपाला पट्ट्याविना, थेट कपलिंगने जोडता येई, आणि दोन-चार माणसांनी उचलून बैलगाडीत टाकता येई, ही त्याची जमेची बाजू होती.

असे इंजिन हाताने सुरू करण्याची रीत ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी ती सांगणे आवश्यक आहे, कारण डिझेल इंजिनाचे तत्त्व पुस्तकापेक्षा तेथे अधिक नीट कळते. हवा दाबणे हेच सर्वांत कष्टाचे काम असल्यामुळे थंड इंजिन नुसत्या हाताने फिरत नाही. म्हणून सिलिंडरच्या डोक्यावरचा एक छोटा खटका उभा करून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतात, म्हणजे हवा दाबली न जाता निसटते. मग हँडल अडकवून, अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवून (उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो, हे प्रत्येक नवशिक्याला आधी सांगितले जाते), फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, वेग दिला जातो. नोझलमधून डिझेल शिरताना टर्रकन बारीक आवाज येऊ लागतो. तो ऐकू आला नाही तर इंधनाच्या नळीत हवा धरली आहे असे समजायचे आणि नट ढिला करून ती काढायची. वेग पुरेसा झाला की खटका पाडायचा. फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती पिस्टनला दाबाच्या अडथळ्यापलीकडे ढकलते, धुराचा पहिला काळा लोट निघतो, आणि इंजिन ठेका धरते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतीत या ठेक्याचा वाटा मोठा आहे. विहिरीवर इंजिन आले, की दारे धरणाऱ्याला बैलांच्या दमाचा विचार करावा लागत नसे, आणि उन्हाळ्यात उसाला एखादे पाणी वाढवून देता येई. कर्जाने घेतलेले इंजिन पावसाळ्यात गिरणीला आणि हिवाळ्यात गुऱ्हाळाला भाड्याने देऊन हप्ते फेडणारेही होते. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावोगाव वीज पोचली, शेतीपंपाची वीज स्वस्त झाली आणि खडकीच्या मूळ बाजाराला ओहोटी लागली.

प्रयोगशाळेतला नमुना

या जुन्या इंजिनांना एक अनपेक्षित दुसरे आयुष्य मिळाले, आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. भारतातल्या असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतर्ज्वलन इंजिनाच्या प्रयोगशाळेत एव्ही-१ किंवा त्याचा थोरला भाऊ टीव्ही-१ उभा असतो. टीव्ही-१ चा व्यास ८७.५ मिलिमीटर, धाव तीच ११० मिलिमीटर, आकारमान ६६१ घनसेंटीमीटर, दाबगुणोत्तर (हवा किती पट दाबली जाते ते) १७.५ आणि शक्ती ५.२ किलोवॅट. करंज, जट्रोफा, मोह, वापरलेले खाद्यतेल अशा कशापासूनही बायोडिझेल बनवले, की त्याची परीक्षा बहुधा याच इंजिनावर होते. त्यामुळे जगभरच्या संशोधन नियतकालिकांत एका सिलिंडरच्या भारतीय इंजिनाचे नाव पुन्हा पुन्हा येते. एकच इंजिन सगळीकडे असल्याने एका महाविद्यालयाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येतात, हा फायदा खराच. पण हे इंजिन यांत्रिक फवाऱ्याच्या पिढीतले आहे, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात तेच तेल कसे वागेल हे त्यावरून थेट सांगता येत नाही. ही मर्यादा अनेक प्रबंधांत एखाद्या ओळीत उरकली जाते.

शहराकडे वळण

विहिरीवरून उठलेले इंजिन शहरात जनित्राला जाऊन बसले. येथेही १,५०० हा आकडा कामी आला, आणि तो योगायोग नाही. आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेते. चार चुंबकीय ध्रुवांचे जनित्र एका फेरीत दोन आवर्तने देते. म्हणून ५० आवर्तनांसाठी त्याला सेकंदाला २५, म्हणजेच मिनिटाला १,५०० फेऱ्या घ्याव्या लागतात. गव्हर्नरने फेऱ्या घसरू दिल्या तर पंखे मंदावतात आणि संगणकाचा यूपीएस कुरकुरू लागतो. ज्या कंपनीची सगळी पुण्याई एकाच वेगावर इंजिन स्थिर ठेवण्यात होती, तिला हा बाजार सोयीचा होता.

अर्थात या बाजारात ती एकटी नव्हती. किर्लोस्करांनीच अमेरिकेच्या कमिन्सशी भागीदारी करून १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना काढला होता. मोठी इंजिने तिकडे आणि लहान-मध्यम खडकीला, अशी साधारण विभागणी होती. नव्वदच्या दशकात किर्लोस्कर त्या भागीदारीतून बाहेर पडले, ती कंपनी कमिन्स इंडिया झाली, आणि एकेकाळचे भाऊबंद एकाच शहरात राहून एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहू लागले. डिझेल इंजिनाच्या बाबतीत पुण्याचे स्थान एवढे घट्ट का, याचे हे एक कारण: सुटे भाग ओतणारे, घासणारे, तपासणारे लघुउद्योजक दोघांनाही लागत होते, आणि वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही चाचणी संस्थाही हाकेच्या अंतरावर होती.

जनित्रांची खरी किंमत पुणेकरांना २००६ मध्ये कळली. राज्यभर भारनियमन चालू असताना शहरातील मोठ्या उद्योगांनी ठरावीक वेळी आपली वीज महावितरणकडून न घेता स्वतःच्या जनित्रांवर निर्माण करावी, म्हणजे तेवढी वीज शहराला उरेल, अशी योजना भारतीय उद्योग महासंघाच्या पुण्यातील सदस्यांनी मांडली. शहराची तूट सुमारे ९० मेगावॅटची होती. डिझेलची वीज महाग पडत असल्याने तिच्या आणि नेहमीच्या दरातला फरक ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावून भागवला गेला, त्याला राज्य वीज नियामक आयोगाने मान्यता दिली, आणि शहर भारनियमनातून सुटले. ही व्यवस्था पुणे मॉडेल म्हणून ओळखली गेली. ज्यांना दर परवडला त्यांनी वीज विकत घेतली आणि खेड्यांचा अंधार तसाच राहिला, हा आक्षेपही तेव्हा घेतला गेला होता आणि तो रास्त होता.

आज किर्लोस्करांच्या उत्पादनांत जनित्रसंचांचा वाटा सर्वांत ठळक आहे. ते ‘कोएल ग्रीन’ (कोएल हे कंपनीच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) आणि पुढे ‘किर्लोस्कर ग्रीन’ या नावाने विकले जातात. दुकानात मावतील इतक्या लहान संचांपासून माहितीकेंद्रे आणि रुग्णालये चालवणाऱ्या, हजारो केव्हीए (जनित्राच्या क्षमतेचे एकक) क्षमतेच्या संचांपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. त्याशिवाय खोदकामाची यंत्रे, कॉम्प्रेसर आणि क्रेन यांना लागणारी इंजिने, उंच इमारतींत वीज गेल्यावरही आगीच्या पंपाला फिरवणारी इंजिने, मेगा-टी नावाचे छोट्या शेतासाठीचे पॉवर टिलर अशी उत्पादने आहेत. २०१७ मध्ये कंपनीने अहमदाबादची ला-गज्जर मशिनरीज ही पंप बनवणारी कंपनी घेतली आणि विजेवरच्या पंपांच्या धंद्यात पाय रोवला. कारखाने खडकीबरोबरच कोल्हापूरजवळ कागल, नाशिक आणि राजकोट येथे आहेत. (शेअर बाजारात ज्या कंपनीचे नाव आज दिसते ती कागदोपत्री २००९ ची आहे, कारण त्या सुमारास इंजिनाचा व्यवसाय वेगळा काढून नव्या कंपनीकडे दिला गेला आणि जुनी कंपनी किर्लोस्कर इंडस्ट्रीज झाली. १९४६ हे साल कारखान्याचे आहे.)

मध्यम इंजिनांची नावे वाचायला शिकले तर कॅटलॉग सोपा होतो. ‘४आर१०४०’ म्हणजे चार सिलिंडर, आर मालिका, आणि दर सिलिंडरचे आकारमान १,०४० घनसेंटीमीटर. चौकाने गुणले की इंजिन सव्वाचार लिटरच्या आत-बाहेर येते. ‘६आर१०८०’ मध्ये सिलिंडर सहा आणि प्रत्येकी १,०८० घनसेंटीमीटर. ‘एचए ४९४’ हे हवेने थंड होणारे, चार सिलिंडरचे, प्रत्येकी ०.९४ लिटरचे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नसतो, त्यामुळे पाण्याची टंचाई असलेल्या खडी क्रशरवर ते सोयीचे पडते. पण त्याचा आवाज जास्त, कारण पाण्याचे आवरण कंपनाला जे दडपते ते येथे नसते.

गृहरचना संस्थांच्या सभांत जनित्राचा विषय निघाला की दोन गोष्टींवर गोंधळ होतो, म्हणून त्यांचे येथेच निराकरण करणे बरे. पहिली गोष्ट केव्हीए आणि किलोवॅटची. संचावर लिहिलेली केव्हीए क्षमता ०.८ ने गुणली की प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॅट मिळतात. १२५ केव्हीएचा संच १०० किलोवॅट देतो. दुसरी गोष्ट अधिक खर्चिक आहे. लिफ्टची किंवा पाण्याच्या पंपाची मोटार सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, या भीतीने समित्या गरजेपेक्षा फार मोठा संच घेतात आणि मग तो वर्षभर पाव भारावर फिरवतात. डिझेल इंजिनाला उपाशी ठेवणे मानवत नाही. भार कमी असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी आणि तेल धुराड्यात साठते, लायनरचा (सिलिंडरच्या आतील अस्तराचा) पृष्ठभाग गुळगुळीत होऊन पिस्टनच्या रिंगांची पकड जाते, आणि सायलेन्सरमधून काळा तेलकट ओघळ दिसू लागतो. मेकॅनिकला बोलावल्यावर तो इंजिनाला नावे ठेवतो, विक्रेता डिझेलला. दोष मात्र खरेदीच्या दिवशीचा असतो. सगळ्या मोटारी एकदम सुरू न होता काही सेकंदांच्या अंतराने सुरू होतील अशी व्यवस्था पॅनेलमध्ये केली, किंवा लिफ्टला सौम्य सुरुवात देणारा ड्राइव्ह बसवला, तर लहान संचावर काम भागते. किर्लोस्करांनी अलीकडे ‘ऑप्टिप्राइम’ या नावाने एका मोठ्या इंजिनाऐवजी एकाहून अधिक इंजिने एकत्र चालवणारे संच आणले, त्यांमागचा एक विचार हाच आहे: भार कमी असेल तेव्हा एक इंजिन बंद ठेवायचे आणि दुसऱ्याला पोटभर काम द्यायचे.

धूर, आवाज आणि नियम

शहरात आलेल्या इंजिनाला विहिरीवर कधी न भेटलेले दोन विरोधक भेटले. पहिला आवाज. २००२ च्या केंद्रीय अधिसूचनेने १,००० केव्हीएपर्यंतच्या संचाला ध्वनिरोधक कपाट सक्तीचे केले आणि त्यापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा असे ठरवले. कपाटामुळे आवाज कोंडला, पण उष्णताही कोंडली. त्यामुळे पंखा, रेडिएटर आणि हवेचे मार्ग नव्याने आखावे लागले. कपाटाला टेकून रद्दी किंवा सायकली ठेवणाऱ्या सोसायट्यांनी हे समजून घ्यायला हवे, कारण तो मार्ग अडला की इंजिन तापून बंद पडते.

दुसरा विरोधक धूर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेनुसार ७५ किलोवॅटवरील इंजिनाला प्रत्येक किलोवॅट-तासामागे ०.२ ग्रॅम धूलिकण सोडण्याची मुभा होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या ‘चार-प्लस’ टप्प्यात ५६ ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांसाठी ती ०.०२ ग्रॅमवर आली, म्हणजे थेट दहावा हिस्सा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी ०.४० ग्रॅमची वेगळी मर्यादा आली. जुन्या टप्प्याचे संच विकायला ३० जून २०२४ पर्यंत सवलत होती, आणि त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांत जुने संच घेण्यासाठी बरीच घाई झाली.

मर्यादा दहापट कडक झाली की जुने यांत्रिक तंत्र पुरत नाही. धूलिकण कमी करायला इंधन अधिक दाबाने आणि अधिक बारीक फवारावे लागते, त्याने ज्वलन चांगले होते, पण ज्वलनाचे तापमान वाढले की हवेतलाच नायट्रोजन जळून ऑक्साइड वाढतात. एक दाबायला जावे तर दुसरे उसळते, ही डिझेल इंजिनाची जुनी अडचण आहे. म्हणून आता संगणकनियंत्रित फवारा, धूर गाळणारी जाळी आणि मोठ्या संचांत धुरावर युरियाचे द्रावण मारून नायट्रोजनचे ऑक्साइड निवळवणारी यंत्रणा अशी साखळी आली आहे. संच महागले, आणि पान्यांच्या पेटीबरोबर मेकॅनिकला लॅपटॉपही बाळगावा लागू लागला. तालुक्याच्या गावी दुरुस्त होणे ही ज्या इंजिनाची ओळख होती, त्याच्यासाठी हा बदल मोठा आहे, आणि अधिकृत सेवाकेंद्रांचे जाळे ज्याचे घट्ट त्याचा संच खपेल अशीच चिन्हे आहेत.

समुद्रावर

खडकीच्या कंपनीचे एक काम मात्र सामान्य माणसाच्या नजरेस पडत नाही. फ्रान्सच्या पिएलस्टिक इंजिनांचा परवाना घेऊन ती नौदलासाठी मोठी, मध्यम गतीची इंजिने बनवते. २०१० मध्ये ताफ्यात आलेल्या आयएनएस शिवालिक वर्गाच्या जहाजांवर गॅस टर्बाइनच्या जोडीला, आणि २०१४ मध्ये दाखल झालेल्या आयएनएस कमोर्ता वर्गाच्या पाणबुडीविरोधी जहाजांवर संपूर्ण चालनासाठी, पिएलस्टिक पीए-६ इंजिने आहेत. कमोर्तावर अशी चार इंजिने असून प्रत्येकाची शक्ती ३,८८८ किलोवॅट आहे, म्हणजे एव्ही-१ च्या हजारपटीहून अधिक. जहाजाचे इंजिन जागेवर उभे नसले तरी त्याची अपेक्षा विहिरीवरच्या इंजिनाहून फार वेगळी नाही: दिवसेंदिवस ठरावीक वेगाने, न थांबता फिरणे. शिवाय पाणबुडीला चाहूल लागू नये म्हणून त्याचे कंपन जहाजाच्या तळात उतरता कामा नये.

परवान्याचे इंजिन बनवणे आणि स्वतःचे इंजिन आखणे यांत मोठे अंतर असते. एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॅटचे मध्यम गतीचे सागरी डिझेल इंजिन आखून विकसित करण्यासाठी मंजुरी दिली. खर्च २७० कोटी रुपयांचा, त्यातील ७० टक्के वाटा सरकारचा, आणि नमुना इंजिनात किमान निम्मे घटक देशी असावेत अशी अट आहे. याच प्रकल्पात ३ ते १० मेगावॅटच्या इंजिनांचा तपशीलवार आराखडाही तयार व्हायचा आहे. परदेशी आराखड्यावरून ५ अश्वशक्तीचे इंजिन बनवायला घेतलेल्या कारखान्याकडे आता आराखडाच स्वतःचा मागितला गेला आहे, आणि अशा इंजिनाला नमुना तयार झाल्यानंतरही जहाजावर चढण्यापूर्वी चाचणीकक्षात दीर्घकाळ पूर्ण भारावर फिरून दाखवावे लागते.